जहाजाची चौकशी

“प्यायचं पाणी कुठून आणतात?” कडूबानं विचारलं.

“समुद्राचंच घेतात, अण्णा. मशिनीत गोडं करतात.”

“खारं पाणी गोडं व्हतंय?”

“व्हतंय.”

कडूबानं मान हलवली आणि पुन्हा कातर चालवली. पडेगावच्या टोकाला, घरामागच्या अंगणात, सकाळपासून मेंढरांची लोकर उतरवायचं काम चाललं होतं. त्याची लेक दिपाली मेंढीचे पाय धरून बसली होती, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. शहरातल्या हॉटेलात तीन वर्षं खोल्या आवरल्यावर तिला तेच काम एका प्रवासी जहाजावर मिळालं होतं. होकार आज पाचच्या आत कळवायचा होता. तीन वाजून गेले होते, आणि बाप अजून पाण्याच्याच प्रश्नावर होता. तो ओरडला असता तरी चाललं असतं. ही शांत चौकशी तिला जास्त जड जात होती.

“लई मोठं हाय का?”

“मधलंच हाय. पाव्हणे सातशे, काम करणारे तीनशे.”

“हे बरं. कळप लई मोठा असला की कुणाचं कुणाकडं ध्यान राहत नाय.”

“पण जुनं हाय.” दिपालीनं स्वतःच सांगून टाकलं. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही. “वीस वर्षांचं. आतून सगळं नवं केलंय. गाद्या, फरशा, लिफ्ट, स्वयंपाकघर.”

“वीस वर्षं पाण्यावर टिकलंय ना? मंग चांगलं हाय.”

तिनं हात पुसून मोबाइलवर फोटो दाखवले. नाटकाचं थिएटर, पुस्तकांची खोली, व्यायामाचा हॉल आणि वर गच्चीवर निळाशार पोहण्याचा तलाव. कडूबानं डोळे बारीक केले.

“चारी अंगानं पाणी, आन वर पुन्हा हौद कामून बांधला?”

“पाव्हण्यांची हौस.”

“हे सगळं पाव्हण्यांचं झालं. तू कुठं झोपणार?”

नेमका हाच प्रश्न तिला नको होता. “खाली. एका खोलीत दोघी. एकीच्या वर एकीचा पलंग. खिडकी नाय.”

“पालाला तरी कुठं खिडकी असती!”

कडूबाला पालाचं कौतुक कुणी सांगायची गरज नव्हती. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन निघे, गोदाकाठानं पार नगरकडं जाई आणि रोज नव्या रानात कापडी पाल ठोके. खिडकीशिवाय त्याचं अर्धं आयुष्य मजेत गेलं होतं.

“दवाखाना?”

“हाय. डॉक्टर बी हाय.”

“आन काही इपरीत झालं तर?”

“पैल्याच दिवशी भोंगा वाजवून सगळ्यांना जमवतात. कुणी कुठं उभं राहायचं ते दाखवतात. एकएक माणूस मोजून घेतात.”

“मोजून घेतात?” कडूबाचा चेहरा खुलला. “मंग भ्यायचं काम नाय. किती दिवसाचं काम हाय?”

दिपालीनं मेंढीचे पाय पुन्हा धरले. “आठ महिने. मधी घरी येता येत नाय.”

कातर थांबली. दिपालीची पकड इतकी घट्ट झाली की मेंढी ओरडली.

“आठ?” कडूबा मोकळा हसला. “अगं, मी बी आठच महिने जातो की! दिवाळीला निघतो, पाऊस लागला की दारात. कळव त्यांना व्हय म्हणून.”

दिपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठवडाभर ती ज्या भांडणाची तयारी करत होती, ते झालंच नाही. तिनं घाईघाईनं मोबाइल हातात घेतला आणि तेव्हा कुठं तिचं लक्ष दाराकडे गेलं.

तिची आई बानाबाई उंबऱ्यावर तूर निवडत बसली होती. एवढ्या वेळात तिनं एक शब्द काढला नव्हता. तिचे हात आता सुपात नुसते पडून होते. दरसाल नवरा निघाला की घर, सासू-सासरे, दोन एकर रान आणि मागं ठेवलेली लंगडी मेंढरं, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात पडे. दिपालीनं बापाच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. आईला काही विचारावं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. मोबाइल खाली ठेवून ती आईच्या समोर जाऊन बसली.

“माय, मी जाऊ का?”

“तुझ्या बापानं व्हय म्हणलं ना?”

“तू म्हण.”

बानाबाईनं सूप बाजूला सरकवलं. मग पदर डोळ्यांना लावला.

“पंचवीस वर्षं झाली मला या घरात. दरसाल माणूस निघतंय. ‘येतो’ म्हणतंय आन चालायला लागतंय. ‘जाऊ का’ म्हणून इचारणारी तूच पयली.” तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. “जा बाई. खुशाल जा. रोज फोन कर, म्हंजे झालं.”

दिपालीनं उंबऱ्यावर बसूनच होकार पाठवला आणि आईला अशी मिठी मारली की निम्मी तूर अंगणात सांडली. दोघी हसत हसत ती गोळा करायला लागल्या. कित्येक दिवसांनी दिपालीला भूक लागल्यासारखं वाटलं.

कातरीचा आवाज मात्र अजून येत नव्हता. अर्धी कातरलेली मेंढी उठून चालू लागली, तरी कडूबाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो बायकोकडे बघत होता. त्यानं घसा खाकरला.

“मंग... या दिवाळीला मी जाऊ का?”

बानाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“इचार करून सांगते,” ती म्हणाली.