शून्य चुका

"शून्य! वाच, मोठ्याने वाच!" मच्छीमार सोसायटीचे चेअरमन हरिश्चंद्र कुबल यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन कारकून सुगंधाकडे वळवला. "महिनाभरात मशीनची एकही चूक नाही. मग चूक कोणाची?"

टेबलावर तिचा राजीनामा आधीच टाइप करून ठेवलेला. फक्त सही बाकी. वा रे न्याय! आणि हे म्हणे गावचे मानकरी, देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावल्याशिवाय, पाकळी पडून देवाचं उत्तर आल्याशिवाय जत्रेची तारीख न ठरवणारे.

सोमवारी संध्याकाळी सुगंधाने वाऱ्याचा इशारा मशीनमध्ये भरला होता. ताशी सत्तेचाळीस किलोमीटर. दोनदा पडताळलाही होता. पहाटे मशीनने होड्यांना आपोआप निरोप धाडला तो पंधराचा. त्या भरवशावर गावातला मच्छीमार भाई समुद्रात गेला आणि होडी फोडून, हात मोडून परत आला. तेव्हापासून भाई तिलाच दोष देई आणि बाजारात बायका सुगंधाला बघून तोंड फिरवत. नऊ वर्षं जिने एक निरोप चुकवला नाही, तिला!

"मिया सत्तेचाळीसच भरलंय," ती म्हणाली.

"पुरावा दाखव." एरवी मालवणीत गजाली हाणणारा माणूस, आज ऑफिसची मराठी. जुनं मशीन मेमरी चुकली की लाल अक्षरांत तक्रार करायचं. रोजची रड नको म्हणून यांनीच ते काढून टाकलं. नवं आलं तेव्हा हार घातला, नारळ फोडला. ते कधी तक्रारच करत नाही, याचं केवढं कौतुक!

सुगंधाने कुडाळहून बोलावलेली दिव्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणारी, सकाळपासून त्या मशीनशीच झटत होती. आता तिने मान वर केली.

"साहेब, हा शून्य मोजलेला नाही. चुका नोंदवणारा प्रोग्राम जुन्या प्रोसेसरसाठी बनवलेला. नव्या मशीनचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्याच्या चुका ह्याला वाचताच येत नाहीत. काही कळलं नाही की हा शून्य लिहून मोकळा होतो."

मग तिने मेमरी तपासणारा दुसरा प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर लाल ओळी धडाधड येऊ लागल्या. बिघडलेल्या जागी तिने सत्तेचाळीस भरून बघितलं. परत वाचलं, तर पंधरा.

दाराशी हात गळ्यात बांधून बसलेला भाई उठला. "सुगंधा, चुकलंय गो मी," एवढंच तो म्हणाला.

चेअरमननी राजीनाम्याचा कागद हळूच ड्रॉवरकडे सरकवला. "बरा, झाला ता झाला. मशीन गप रवला, आमका काय कळतला?" आता बरी मालवणी आठवली!

सुगंधाने तो कागद मध्येच धरला.

"परवा देवळात कौल लावल्यात, पाकळी पडाक नाय. देव गप रवलो, तर दोन तास हात जोडून थांबल्यात. मशीन गप रवला, तर माजो राजीनामो टाइप केल्यात!"