सत्तावन्न आणि एकशे बारा

“दोनशे अडतीस जुळतात आणि दोन रुसून बसतात. आता काय, त्यांना आणायला गाडी पाठवू?” शेजारच्या टेबलावरून वकील पुटपुटला. तो खरा वकील नव्हता, प्रोग्रामर होता. पण हरलेली बाजूसुद्धा अशी हिरिरीनं मांडायचा, की ऑफिसात हेच नाव पडलं.

सकाळपासून ती त्याच दोन ओळींकडे बघत बसली होती. सत्तावन्न आणि एकशे बारा.

दोघं दोन वर्षं एकाच कामाला जुंपलेली. संशोधन केंद्राची सगळी आकडेमोड एका जुन्या संगणकभाषेत केलेली होती. ती भाषा ज्या यंत्रावर चालायची, त्यानं कायमचे डोळे मिटले. म्हणून तीच भाषा नव्या यंत्रणेवर पुन्हा उभी करायची. अट एकच. जुनीनं जे उत्तर दिलं तेच नवीनंही द्यायचं, पार दशांशाच्या शेपटापर्यंत. आज शेवटची कसोटी होती. जुळलं नाही तर उद्या समिती काम गुंडाळणार, आणि दोन वर्षं पाण्यात.

कसोटीसाठी केंद्राचे प्रमुख असलेल्या सरांनी बारा वर्षांपूर्वीची एक यादी काढून दिली होती. कपाटात दुसऱ्या शंभर होत्या, त्यांनी हीच दिली. सरांनीच चालवलेली एका नव्या औषधाची चाचणी, दोनशे चाळीस रोगी. कुणाला खरी गोळी द्यायची आणि कुणाला तशीच दिसणारी पिठाची, हे संगणकानं चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. या चिठ्ठ्यांची गंमत अशी, की सुरुवातीचा आकडा तोच दिला तर त्या दर वेळी त्याच क्रमानं निघतात. बारा वर्षांनीसुद्धा.

पुढे त्या औषधानं रोग्यांची हृदयंच बिघडवली आणि चाचणी मध्येच बंद पडली. सरांच्या पत्नी त्याच वर्षी गेल्या. कशानं, ते कुणी विचारत नसे.

जुनी यादी म्हणत होती, सत्तावन्नला खरी, एकशे बाराला पिठाची. नवं यंत्र नेमकं उलट सांगत होतं. तिनं बेरजा तपासल्या, क्रम तपासला, शेवटी स्वतःची अक्कल तपासली. डोकं भणभणून गेलं. सदऱ्याचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात. वरची नीट, खालची नीट आणि मधली दोनच एकमेकांच्या काजात, असा सदरा घातलेला माणूस कुणी पाहिलाय का? यंत्र असं चुकतच नाही. असं चुकतो तो...

पुढचा विचार तिनं गार चहाबरोबर गिळून टाकला.

“ताई, माझं ऐक,” वकील खुर्ची सरकवत म्हणाला. “त्या दोन ओळी हातानं फिरवून टाक. कोण बघतंय?”

“मीही तेव्हा हेच म्हटलं होतं.”

सर दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. वकिलानं खुर्ची परत आपल्या टेबलाशी ओढली.

“नाही सर, माझंच काहीतरी चुकलंय,” ती घाईघाईनं म्हणाली. “मी परत बघते ना.”

“बघू नकोस. तुझं यंत्र बरोबर आहे, समितीला मी तसं लिहून देतो.” ते तिच्या शेजारी बसले. पडद्यावरच्या सत्तावन्नवर त्यांनी बोट ठेवलं, जणू पुसता येतं का बघावं.

“हा नंबर आमच्या हिचा. यंत्रानं हिला पिठाचीच गोळी दिली होती गं. खरी मी दिली.”