शुभ दुपार, मॅडम

तिसरी ताटलीही अर्धी भरलेली परत आली, तेव्हा सोखनाने ती वाढप्याच्या हातून ओढूनच घेतली.

थियोफसारखा मासा कुणी अर्धा टाकतं का? सकाळी म्बूरच्या किनाऱ्यावर होडी वाळूला टेकली न टेकली तोच तिने तो स्वतः निवडून आणला होता. तिने भांड्यातला रस्सा बोटावर घेऊन चाखला. मीठ बरोबर. चिंचेचा आंबटपणा बरोबर. मासा लोण्यासारखा मऊ. मग बिघडलं होतं काय?

साली-पोर्तुदालच्या समुद्रकिनाऱ्यावर या हॉटेलाइतकं महागडं दुसरं नव्हतं. मालक ते विकायला निघाला होता आणि घेणार होत्या राजधानी डाकारच्या अराम न्दियाय. पैशाला तोटा नाही नि जिभेला लगाम नाही, अशी बाईंची ख्याती. आज त्या जेवून ठरवणार होत्या, की हेच स्वयंपाकघर ठेवायचं, की सगळ्यांना घरी पाठवून पॅरिसहून आचारी आणायचा. सोखना मुख्य आचारी होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्यामागे सगळं स्वयंपाकघर श्वास रोखून उभं होतं.

मॅनेजर ब्रिसो फ्रान्सहून नुकताच आलेला, घाबरट पण मनाने वाईट नव्हे. त्याने सकाळपासून बजावून बजावून तिचे कान किटवले होते. "दारात स्वागत तू करायचंस. मान खाली, हसू बेताचं. 'शुभ दुपार, मॅडम,' एवढंच. तुमची ती थट्टामस्करी आज बिलकूल नको."

सोखनाने अगदी तसंच केलं होतं. बाई दारात आल्या. तिच्या पांढऱ्या कोटावर शिवलेलं नाव त्यांनी वाचलं, सोखना दियोप. वाचून त्या जरा थांबल्या, कशाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. सोखनाने मान आणखी खाली घातली आणि "शुभ दुपार, मॅडम" म्हटलं. तेव्हापासून बाईंचा चेहरा जो दगड झाला, तो झालाच.

वाढपी आत आला. "ताई, तुला बोलावलंय. चेहरा काही बरा दिसत नाही गं त्यांचा."

सोखना हात पुसून बाहेर गेली. ब्रिसो टेबलाशेजारी उभा राहून घाम टिपत होता. बाईंनी काटा-चमचा बाजूला ठेवला.

"आपलं नाव?"

"सोखना, मॅडम."

"पूर्ण सांगा."

"सोखना दियोप."

"आणि माझं नाव आपल्याला ठाऊक असेलच?"

"हो. अराम न्दियाय."

"मग?" बाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

त्या एका शब्दाने सोखनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिचे वडील रस्त्यात न्दियाय आडनावाचा कुणी दिसला, तर हातातलं काम टाकून त्याला शिव्या घालायला जात. दियोपने न्दियायला खादाड म्हणायचं, चोर म्हणायचं, आपला नोकर म्हणायचं, आणि न्दियायने ते सगळं सव्याज परत करायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलेलं. त्यात राग धरायचा नाही, कारण हे आपलेपणाचंच बोलणं. गोडगोड बोलायचं ते परक्यांशी. आणि आज तिने आपल्याच दारात उभं राहून या बाईला परकं करून टाकलं होतं.

पण डाकारच्या बड्या लोकांना आता हे चालत नसेल तर? ब्रिसो हातभर अंतरावर उभा होता. तोंडातून एक शब्द जाईल आणि सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. मग सोखनाने मान वर केली आणि सरळ आपल्या वोलोफ भाषेत तोंड सोडलं.

"मग काय? न्दियाय जेवायला येणार म्हटल्यावर मी आधी चांदीचे चमचे लपवायला सांगितले! आणि अर्धा मासा टाकता कशाला? तुमचे आजोबा आमच्या दारात बसून भाताची खरवड मागायचे, नि तुम्हाला हे नखरे कुठून सुचले?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. ब्रिसोला वोलोफ फारसं येत नव्हतं, पण शिव्या कळण्याइतकं येत होतं. तो टेबलावरच्या कापडासारखा पांढराफटक पडला.

बाईंनी टेबलावर थाडकन हात मारला.

"उघडलं बाई एकदाचं तोंड! मला वाटलं, मुकीच आहे! एवढी परातीएवढी ताटली आणि भात तीन चमचे? बाकीचा आत बसून तूच गिळलास ना? दियोप कुठली! आणि ते तुझं 'शुभ दुपार, मॅडम'! मेलं कानात असं जाऊन बसलं, की घास घशाखाली उतरेना माझ्या. जा, तो मासा परत आण. भाताचं आख्खं भांडं आण, खरवडीसकट!"

सोखनाचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. "आणते, आणते. पण जाताना भांडं पिशवीत घालून नेऊ नका म्हणजे झालं!"

एवढं ऐकल्यावर ब्रिसोला राहवलं नाही. तो दोघींच्या मध्ये आला आणि कमरेत वाकला. "मॅडम, मी अत्यंत दिलगीर आहे. हिला मी आत्ता, या क्षणी कामावरून काढतो."

"वेडे आहात का?" बाई कडाडल्या. "हिला काढलंत, तर हे हॉटेल विकत घेऊन रोज शिव्या कुणाला देऊ मी?"