पिवळ्यावरचे बोट

बन्सीलालभाऊंनी नकाशातल्या पिवळ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे घेऊन टाका. नुसतं वाळलेलं दिसतंय."

मेहरूण तलावाजवळच्या सभागृहात धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांची समिती बसली होती. औद्योगिक वसाहतीसाठी जागा निवडायची होती आणि बन्सीलालभाऊ समितीचे अध्यक्ष होते. टेबलावर पसरलेला भूवैज्ञानिक नकाशा हितेंद्रने काढला होता. तो खुर्च्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता. माणसांपुढे बोलताना त्याचा घसा कोरडा पडे. दगडांपुढे पडत नसे. म्हणूनच त्याने दगड निवडले होते.

नकाशात त्याने खानदेशाचे हरवलेले दिवस मांडले होते. साक्रीकडच्या डोंगरांवर हिरवा रंग होता. तो थरावर थर चढत थिजलेला लाव्हा. हिरव्यातून धावणाऱ्या लाल रेघा म्हणजे जमीन जिथे उलली, तिथून वर येऊन तिथेच गोठलेला खडक. आणि तापीच्या दोन्ही काठांना पिवळा. माणसाने नांगर धरला त्याच्या कितीतरी आधीपासून नदी कणाकणाने आणत राहिली, तो गाळ.

चोपड्याकडच्या त्या पिवळ्यात, नेमकी अध्यक्षांच्या बोटाखाली, निंबाआबांची केळीची बाग होती. हितेंद्र नदीच्या दरडीवरचे थर मोजायला जाई, तेव्हा आबा त्याला हाक मारून केळीच्या सावलीत बसवत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी हातावर ठेवत. एकदा नकाशाचा कच्चा कागद उलटसुलट पाहत त्यांनी विचारले होते,

"भाऊ, तुना नकाशामा मनी केयी कोनता रंगनी शे?"

"पिवळ्या, आबा."

आबा पोट धरून हसले. "मंग मरनी ना भाऊ ती! पिवळीले व्यापारी हात बी लावत नही. केयी हिरवीच कापतस."

केळी हिरवी असतानाच कापतात, हे ऐकून हितेंद्रही हसला होता. आता ते बोट त्याच बागेवर टेकलेले पाहून त्याला कसाबसा कंठ फुटला.

"भाऊ, पिवळं म्हणजे वाळलेलं नाही. तो गाळ आहे. नदीने आणून टाकलेला."

"टाकलेलाच ना?" बन्सीलालभाऊ खुशीत आले. "नदीनेच टाकून दिलंय. ते आपण उचललं तर बिघडलं कुठं?"

सभागृह हसले.

"आणि हे हिरवं?" समितीच्या सचिव डिंपल मॅडमनी विचारले.

"तो खडक, मॅडम. काळा."

"काळा खडक हिरवा रंगवता," भाऊ म्हणाले, "आणि वर आम्हालाच शिकवता?"

बेसाल्टच्या काळ्या खडकाला हिरवा रंग देणे हा त्याच्या शास्त्रातला जुना संकेत होता. एवढे एक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच गोठले. तोवर समितीने साक्रीकडच्या हिरव्या कातळावर केळी संशोधन केंद्र मंजूर करून टाकले होते. टाळ्या झाल्या. वसाहतीचा अंतिम निर्णय मात्र पुढच्या बैठकीत, छापील नकाशा पाहून व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात हितेंद्र बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. मग त्याने गाळ हिरवा केला आणि खडक पिवळा. खोटे नको म्हणून कोपऱ्यातली रंगसूचीही बदलली. तरी संकेतावर विसंबून वाचणाऱ्या कोणत्याही भूवैज्ञानिकाला आता तापीच्या काठी लाव्हा उसळलेला दिसेल आणि साक्रीच्या माथ्यावर नदी वाहिलेली. एका बागेसाठी त्याने एका प्रदेशाचे सारे बालपण उलटे लिहिले होते. पण मन हलके होते. इतके मोठ्याने तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

पुढच्या बैठकीत नवा नकाशा उलगडला.

"आता कसा नजरेला पटतो!" डिंपल मॅडम म्हणाल्या.

बन्सीलालभाऊंनी चष्मा चढवला. त्यांचे बोट साक्रीकडच्या पिवळ्यावर आले आणि थांबले.

"इथे काय ठेवलंय? सगळं उजाड," भाऊ म्हणाले. "केळी संशोधन केंद्र तेवढं राहू द्या. ते मागेच मंजूर झालंय."

मग बोट पूर्वेकडे सरकू लागले. तापीच्या काठाकाठाने, घाई न करता, चोपड्यापर्यंत आले आणि टेकले.

"कारखान्यांना पाणी लागतं, मॅडम. हे हिरवंगार आहे ना, हे घेऊन टाका."

हितेंद्रने तोंड उघडले. कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हते. लाव्हा केव्हा थिजला, जमीन कुठे उलली, नदीने कुठे काय ठेवले, सारे त्याने मनावर घेतले होते. एकच वाक्य त्याने हसण्यावारी नेले होते.

केयी हिरवीच कापतस.