दुधाचा रकाना

शेवटच्या बाकावर मोठ्या बाई पाठनिरीक्षणाचा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फळ्यापाशी छोट्या बाई उभ्या. ही नावं मुलांनीच ठेवलेली. छोट्या बाई शाळेत येईपर्यंत मोठ्या बाई नुसत्या ‘बाई’ होत्या.

टेबलावर चार काचेचे पेले होते. छोट्या बाईंनी ते घरून आणले होते, कारण प्रयोगाच्या कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये होती आणि सलग तीन दिवस त्या ‘अगं, विसरलेच बघ’ म्हणाल्या होत्या.

छोट्या बाईंनी एका पेल्यात चमचाभर मीठ ढवळलं.

“मीठ कुठे गेलं?”

“पळून गेलं!”

“कुणाबरोबर?”

वर्ग खिदळला. मोठ्या बाईंनी लिहिलं, ‘वर्गात शिस्त नाही.’ लिहितानाच त्यांना कळत होतं की हे खोटं आहे. चाळीस माना पुढे झुकल्या होत्या आणि एकही मागे वळत नव्हती. सतत बोलते म्हणून जिला सगळे चिमणी म्हणत, ती तर टेबलाला कोपरं टेकून उभी होती. गेल्या महिन्यापर्यंत हीच चिमणी मोठ्या बाईंच्या वह्यांचा गठ्ठा उचलायला जिना धावत चढायची.

वाळू तळाशी बसली. तेल वर तरंगलं. फळ्यावर दोन रकाने झाले, डावीकडे समांगी, म्हणजे एकजीव मिश्रणं, उजवीकडे विषमांगी. मुलं एकेक नाव ओरडत होती आणि छोट्या बाई खडूची भुकटी कपाळाला लावून घेत लिहीत होत्या.

आजच्या शेऱ्यावर त्यांची नोकरी कायम होणार की नाही ते ठरायचं होतं. “तुम्ही म्हणाल तसं,” असं मुख्याध्यापकांनी सकाळीच मोठ्या बाईंना सांगितलं होतं. पण कागदावर ‘विषयज्ञान’ या शब्दापुढे पेन टेकवायला अजून एकही चूक सापडत नव्हती.

शेवटचा पेला दुधाचा होता. छोट्या बाईंनी तो उजेडात धरला आणि बिनधास्त डाव्या रकान्यात लिहिलं, ‘दूध’.

मोठ्या बाई ताठ बसल्या. पेन आपसूक चालू लागलं. ‘दूध समांगी सांगितले. गंभीर चूक. विषयज्ञान कच्चे.’ किती दिवसांनी त्यांचं अक्षर असं गोलाईदार आलं होतं.

“कशावरून हो, बाई?” चिमणीने विचारलं.

“कशावरून म्हणजे? माझ्या बाईंनी आम्हाला गाणंच दिलं होतं.” छोट्या बाईंनी टाळीवर ताल धरला.

“मीठ गेलं पाण्याघरी, कुणा डोळ्यांना दिसेना,
वाळू बसली तळाला, तिचं कुणाशी जमेना,
दूध सारं एकजीव, त्यात दुसरं वसेना...”

मोठ्या बाईंचं पेन थांबलं.

ओळी त्यांच्याच होत्या. कुठे छापलेल्या नव्हत्या. एकाच वर्षी एकाच वर्गाकडून त्यांनी त्या म्हणून घेतल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी दुधाची चूक लक्षात आल्यावर सोडून दिल्या होत्या. पुढच्या वर्गांना नीट शिकवलं. गेलेल्या वर्गाला कुठून हाक मारणार? त्या वर्गातली पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोर आता फळ्यापाशी उभी राहून चाळीस जणांना तेच शिकवत होती.

आणि मेली किती गोड म्हणत होती! त्यांच्या स्वतःच्या गळ्यात ही चाल कधी अशी उतरली नव्हती.

“कोणत्या बाई?” चिमणीने विचारलं.

छोट्या बाईंची नजर क्षणभर शेवटच्या बाकापर्यंत आली आणि परत गेली. “होत्या एक. फार हुशार.”

‘होत्या’ हा शब्द मोठ्या बाईंना मिरचीसारखा झोंबला. मुलं टाळ्या वाजवत गाणं म्हणू लागली. तिसऱ्या ओळीला सगळ्यांत मोठा आवाज लागला. आता उद्या ही घरी जाऊन म्हणतील, परवा आपल्या धाकट्या भावंडांना शिकवतील.

“थांबा!”

चाळीस माना मागे वळल्या. मोठ्या बाई उठून पुढे आल्या. पर्समधून किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं आणि विजेरी काढली.

“खिडक्या लावा रे. छोट्या बाई, तुम्ही बसा जरा.”

छोट्या बाईंचा चेहरा उतरला. मुलांनी बाकावर सरकून त्यांना जागा केली.

मोठ्या बाईंनी कपाटातल्या एका ग्लासात पाणी ओतून त्यात चमचाभर दूध टाकलं. विजेरीचा झोत फार पसरट पडत होता. त्यांनी हातातल्या शेऱ्याच्या कागदाची, लिहिलेली बाजू आत ठेवून, घट्ट सुरळी केली आणि ती विजेरीच्या तोंडाला बसवली.

मिठाच्या पाण्यातून प्रकाश न दिसता निघून गेला. दुधाच्या पाण्यात मात्र आरपार एक पांढरी वाट उजळली.

“आई गं!” चिमणी म्हणाली.

“स्निग्ध पदार्थाचे कण आहेत हे. इतके बारीक, की डोळा फसतो. दूध एकजीव दिसतं, असतं मात्र विषमांगी.” त्यांनी विजेरी खाली ठेवली. “आणि ती तिसरी ओळ चुकलेली आहे. चूक छोट्या बाईंची नाही. गाणं माझं होतं.”

मग अंधारातून, मुलांच्या रांगेतून, एक बोट वर आलं.

“बाई,” छोट्या बाई म्हणाल्या, “मग तेव्हा मला दहापैकी दहा कसे दिलेत हो?”