बसलेली मशीन

अकोटच्या जिनिंगात गोदाबाईच्या होकाराशिवाय खिळाही ठोकला जात नसे, म्हणून नव्या सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं, हेही लेक किशोर तिलाच विचारत होता.

"आई, एका सर्व्हरच्या पोटात चार मशिनी, म्हंजे चार कम्प्युटरच, चालतात. हे सॉफ्टवेअर सगळ्यात फास्ट हाय. जी मशीन नुसती बसून राहते, तिची ताकद काढून कामाच्या मशीनले देते."

"अन् ते बसलेली बोंबलत नाही?"

"तिले पत्ताच लागत नाही. तिले वाटते, सारं आपल्याच हातात हाय."

"मंग हेच टाक. बसून खाणाऱ्याले कायले पोसतं रे?" गोदाबाई तोऱ्यात म्हणाली आणि फाटकाकडे निघाली.


कापसाच्या गाडीवाल्यानं तिला वाकून रामराम घातला, आणि भाव विचारायला तो आत सुनेकडे गेला.