चौकटीखालची लाल खूण

सातपूरच्या डीटीपी सेंटरमध्ये मी द्राक्षांवरच्या नव्या औषधाचं पत्रक दुसऱ्या छपाईसाठी उघडलं, तेवढ्यात दिंडोरीचे मामा आले. दर हंगामासारखी द्राक्षांची पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. “परवाच हे औषध मारलं, तुझं पत्रक वाचून. मणी बघ कसे चमकतात.” एक मणी तोंडात टाकून मी स्क्रीनकडे वळले. मजकुराच्या चौकटीखाली बारीक लाल खूण होती. म्हणजे शेवटचा मजकूर चौकटीत मावलाच नव्हता. पहिल्या छपाईच्या वेळी फोटो मोठा करताना मीच चौकट छोटी केली होती. ही खूण कागदावर उमटत नाही आणि प्रूफ मी कागदावरच वाचलं होतं. मी चौकट खाली ओढली. ‘फवारणीनंतर तीस दिवस द्राक्षं खाऊ नयेत.’ मी मणी थुंकला. “मामा, आणखी कुणाला दिलीत?” “गावच्या शाळेत दोन पेट्या. आज दीडच्या मधल्या सुट्टीत वाटणार होते.” घड्याळात तीन वाजले होते.